नावाची किंमत

फेब्रुवारी सरल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात, जाहिरातींच्या दाटीत कोठेतरी बारीक टायपात छापलेले एक निवेदन वाचण्याचा परिपाठ ज्या थोड्या वाचकांनी पाळला, त्यांना आपल्या वृत्तपत्राचा मालक कोण, मुद्रक-प्रकाशक कोण, आणि एकूण भागभांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक हिस्सा बाळगणारे भागधारक कोणकोण, याची सालाबाद नोंद घरबसल्या मिळत असे. १९५६ च्या वृत्तपत्र-नोंदणी नियमांतील हा ‘नमुना ४’; एकही भाग विकत न घेतलेल्या साध्या वाचकालाही मालकीची खबर मिळण्याचा हक्क त्याने दिला, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

वृत्तपत्राच्या मालकीविषयी इंदूरपुरते बोलायचे तर ‘नई दुनिया’पासूनच आरंभ करावा लागतो. होळकर संस्थान अद्याप विलीन व्हावयाचे होते, त्या काळात, ५ जून १९४७ रोजी, निघालेल्या या हिंदी दैनिकाला ज्यांनी घडविले त्या राहुल बारपुते यांची मातृभाषा मराठी होती. कुमार गंधर्व आणि चित्रकार विष्णु चिंचाळकर यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह होता. आणि त्यांच्या हाताखाली लिहिते झालेले राजेंद्र माथुर पुढे ‘नवभारत टाइम्स’चे, तर प्रभाष जोशी ‘जनसत्ता’चे संपादक झाले. एका प्रांतिक दैनिकाच्या कचेरीने देशाला असे संपादक द्यावेत, ही इंदूरची खरी कमाई होय.

२०१२ साली हे पत्र जागरण प्रकाशनाकडे गेले. ही कानपूरची कंपनी २००६ पासून शेअरबाजारात नोंदलेली असल्यामुळे इंदूरच्या वाचकापुढे निराळेच दफ्तर उघडले: तिमाही संपल्यावर एकवीस दिवसांत भागधारणेचा तक्ता, पंचेचाळीस दिवसांत पहिल्या तीन तिमाहींचे निकाल, वर्षअखेर ताळेबंदासह वार्षिक अहवाल. सात वर्षे कोणी न मागितलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतो, ही गोष्ट मात्र आजोबांच्या पेटीतले कागदी रोखे सांभाळणाऱ्या कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावी.

परंतु ताळेबंद वाचताना ज्या कलमापाशी मी सर्वाधिक रेंगाळतो, ते अमूर्त मालमत्तेचे. हिशेबशास्त्राचा दंडक असा की, कंपनीने स्वतः उभारलेले वृत्तपत्राचे नाव, ते कितीही दिगंत झालेले असो, तिच्या वहीत मालमत्ता म्हणून धरता येत नाही. तेच नाव दुसऱ्याने दाम मोजून घेतले, म्हणजे घेणाऱ्याच्या वहीत त्याला आकडा लाभतो. अग्रलेख वेळेवर, निर्भयपणे आणि स्वच्छ भाषेत लिहिण्यात गेलेल्या दशकांनी मिळविलेला विश्वास, याप्रमाणे, मिळविणाऱ्याच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. म्हणून प्रकाशनसंस्थेत पैसा घालू पाहणाऱ्याने नफ्याचे पान उलटण्यापूर्वी ताळेबंदाखालच्या टिपा वाचाव्यात, आणि मग, भागधारक झाल्यावर, त्या पत्राचे जुने बांधीव खंड कोठे ठेवले आहेत, त्यांची निगा कोण राखतो, हे कंपनीच्या सर्वसाधारण सभेत उभे राहून विचारावे. भागधारकाला प्रश्न विचारण्याचा तेथे पूर्ण अधिकार आहे.