दुसरी प्रत कुठे आहे?

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात, ऱ्हाईन नदीच्या काठी, ओव्हीएच या क्लाउड कंपनीची चार डेटा सेंटर एकाच आवारात उभी होती. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्र उलटून पाऊण तास झाला होता. त्या वेळी ‘एसबीजी-२’ या पाच मजली इमारतीत आग लागली. इमारतीत आग आपोआप विझवणारी यंत्रणा नव्हती आणि वीजपुरवठा पूर्ण तोडण्यातच बराच वेळ गेला. सकाळपर्यंत एसबीजी-२ जळून गेली होती. एसबीजी-१ च्या काही भागाचंही नुकसान झालं होतं आणि धडधाकट उरलेल्या दोन इमारतीसुद्धा बंद ठेवाव्या लागल्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. मात्र नेटक्राफ्ट या संस्थेच्या मोजणीनुसार सुमारे ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या.

त्या पहाटे ग्राहकांचे सरळ दोन गट पडले. ज्यांचा डेटा दुसऱ्या शहरातही ठेवलेला होता, ते पुन्हा उभे राहिले. ज्यांची एकमेव प्रत एसबीजी-२ मध्ये होती, त्यांचं सगळं गेलं. ‘रस्ट’ या ऑनलाइन खेळाच्या युरोपातल्या २५ सर्व्हरवरचा डेटा कायमचा नष्ट झाला. सर्वांत मोठा धक्का बसला तो बॅकअपचे वेगळे पैसे भरणाऱ्या काही ग्राहकांना. त्यांचा बॅकअप होता, पण तो त्याच इमारतीत होता. असं एक प्रकरण लील इथल्या वाणिज्य न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये त्या न्यायालयाने कंपनीला एक लाख युरोंहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला.

क्लाउड कंपनी भरवशाची आहे का, हा प्रश्न आज पतसंस्थांना, दवाखान्यांना, शाळांना आणि छोट्या उद्योजकांनाही पडतो. तो थोडा बदलून विचारायला हवा. यंत्र बिघडणार हे धरूनच चालायचं आणि ते बिघडेल तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काय काय जाईल, हे आधी तपासायचं. भरवशाचं सगळं शास्त्र या दुसऱ्या प्रश्नात आहे.

बिघाडाला दर असतो

हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात बिघाडापूर्वीचा सरासरी काळ दहा लाख तास किंवा त्याहून जास्त दिलेला असतो. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. पण एक डिस्क ११४ वर्षं टिकेल, असा त्याचा अर्थ नाही. ११४ डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यांतली एखादी जाईल, असा तो हिशोब आहे. म्हणजे वर्षाला ०.८८ टक्के. प्रत्यक्षातला आकडा याहून मोठा निघतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. वर्षभरात बदलाव्या लागलेल्या डिस्कचं प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के होतं आणि काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी नियमितपणे जाहीर करते. तिच्या अलीकडच्या वर्षांतल्या नोंदींत हा दर दीड टक्क्याच्या आसपास दिसतो.

दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण एक लाख डिस्क असलेल्या डेटा सेंटरमध्ये दीड टक्का म्हणजे वर्षाला दीड हजार, दिवसाला साधारण चार. तिथल्या तंत्रज्ञांसाठी मेलेली डिस्क बदलणं हे रोजचं काम असतं. तुमचा डेटा ज्या डिस्कवर आहे तिची पाळी कधी येईल, एवढंच कुणाला सांगता येत नाही.

डिस्क आधी काही इशारा देते का? याचं उत्तर गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्येच लाखाहून अधिक डिस्कच्या अभ्यासातून दिलं. डिस्कचा पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळली, की पुढच्या ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पटींनी वाढते. मात्र बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार प्रमुख निर्देशकांपैकी एकातही लक्षण दाखवलं नव्हतं. इशारा मिळाला तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

गुणाकार आणि त्याची अट

मग बिघडणाऱ्या यंत्रांतून न बिघडणारी सेवा कशी उभी राहते? गुणाकाराने. एक प्रत वर्षभरात नष्ट होण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर दोन प्रती नष्ट होण्याची शक्यता दहा हजारांत एक होते आणि तीन प्रतींची दहा लाखांत एक. ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी रचलेली असल्याचं कंपनी सांगते. त्यामागे हेच तत्त्व आहे. तिच्या नेहमीच्या प्रकारात डेटा किमान तीन वेगवेगळ्या झोनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरच्या स्वतंत्र गटांमध्ये, ठेवला जातो.

या गुणाकाराला एक अट आहे. प्रतींचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. दोन्ही प्रती एका छताखाली, एका वीजवाहिनीवर किंवा एकाच पासवर्डमागे असतील, तर गुणाकार कोसळतो आणि दोन प्रतींची किंमत एकीएवढीच उरते. स्ट्रासबर्गला नेमकं हेच घडलं.

त्या आगीच्या बरोबर दोन आठवडे आधी, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी, मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे म्हणजे एनएसईचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले. ते सुरू व्हायला दुपारचे पावणेचार वाजले. आपली दोन केंद्रं जोडायला एनएसईने दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लिंक घेतल्या होत्या. कागदावर ही चोख तजवीज होती. तरी दोन्हींत एकाच वेळी अडचण आली आणि साठवण यंत्रणा प्रतिसाद देईना. एनएसईने नंतर दिलेल्या निवेदनात दोन केंद्रांमधल्या रस्त्यावरच्या खोदकामाचा आणि बांधकामाचा उल्लेख होता. कंपन्या दोन असल्या तरी रस्ता एकच असेल, तर एक खोदकाम दोघींनाही पुरतं.

दुसरी प्रतच नसेल, तर हिशोब करायलाही काही उरत नाही. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटरी हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा थांबल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवणीतला ८५८ टेराबाइट डेटा नष्ट झाला, कारण आकार फार मोठा म्हणून त्याचा बाहेर बॅकअपच घेतलेला नव्हता.

कंपनी पारखताना

क्लाउड कंपनीच्या करारात अनेकदा ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी असते. वर्षाच्या ८,७६० तासांत ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास बंद. ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटं. तुमची सेवा एकापुढे एक अशा तीन भागांवर उभी असेल आणि प्रत्येकाची हमी ९९.९ टक्के असेल, तर एकत्रित आकडा ९९.७ वर येतो. म्हणजे वर्षाला जवळपास २६ तास. हमी मोडली तर कंपनी सहसा पुढच्या बिलात सूट देते. दुकान दिवसभर बंद राहिल्याचं नुकसान त्यातून भरून निघत नाही. म्हणून हमीचा आकडा वाचून झाल्यावर भरपाईचं कलमही वाचावं.

उपलब्धता आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा दोन तास बंद पडून परत येणं ही गैरसोय आहे, डेटा न परतणं हा विनाश. आणि टिकाऊपणाच्या हमीत तुम्हीच चुकून पुसलेली फाइल येत नाही. एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी ‘रेड’ व्यवस्था एक डिस्क मेली तर वाचवते. पण तुम्ही पुसलेली फाइल ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसते. रेडला बॅकअप समजू नये.

सर्व्हर भाड्याने घेताना त्याची डिस्क त्याच यंत्रात बसवलेली आहे की नेटवर्कवरून जोडलेली, हे विचारा. यंत्रातली डिस्क वेगवान असते, पण यंत्र मेलं की तिच्यावरचा डेटाही जाऊ शकतो. यंत्र बिघडू लागलं तर कंपनी सूचना देते का, चालू सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवते का, हेही विचारा. आणि कंपनीने आपल्या जुन्या बिघाडांबद्दल काय लिहिलं आहे, ते शोधून वाचा. कारण, कालक्रम आणि सुधारणा उघडपणे मांडणारी कंपनी, ‘तांत्रिक अडचण’ एवढंच सांगणाऱ्या कंपनीपेक्षा अधिक भरवशाची समजावी. सेवेची स्थिती दाखवणाऱ्या पानावरही पूर्ण विसंबू नये. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एस-थ्री बंद पडली, तेव्हा ॲमेझॉनचं स्थिती-पान स्वतःच एस-थ्रीवर अवलंबून असल्याने काही काळ बदलता येत नव्हतं.

दोन प्रतींमधल्या अंतराचा प्रश्न आपल्याकडे खराखुरा आहे. मुंबईने २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी शहरभर वीज गेलेली पाहिली. ॲमेझॉनचं भारतातलं क्लाउड केंद्र मुंबईबरोबर हैदराबादेतही आहे, गुगलचं मुंबई आणि दिल्लीत, मायक्रोसॉफ्टचं पुण्याबरोबर चेन्नईतही. मुख्य डेटा मुंबईत असेल, तर एक प्रत दुसऱ्या राज्यात ठेवणं आज छोट्या संस्थेलाही परवडतं.

शहर बदललं तरी खातं एकच राहतं, हेही ध्यानात ठेवावं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा खासगी क्लाउड गुगलकडून झालेल्या मांडणीतल्या चुकीमुळे पुसला गेला. सहा लाखांहून अधिक सभासदांना काही दिवस आपली खाती पाहता आली नाहीत. निधी सावरला तो वेगळ्या ठेवलेल्या बॅकअपमुळे, आणि त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअपही होता.

तालीम

बॅकअप घेतला जातो आहे आणि बॅकअपमधून डेटा परत मिळतो, यांत मोठं अंतर आहे. गाडीत स्टेपनी असते, तिच्यात हवा नसल्याचं टायर फुटल्यावरच कळतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याचा आदेश गेला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले. बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, पण ऐन वेळी एकही नीट उपयोगी पडली नाही. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने तयारच होत नव्हता आणि तो फसल्याचे ईमेल कुणापर्यंत पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी काढलेली एक प्रत योगायोगाने हाती लागली, म्हणून कंपनी वाचली. गिटलॅबने हे सगळं जगापुढे मांडलं, त्याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत.

यावर उपाय तालमीचा. नेटफ्लिक्सने कामाच्या वेळेत आपलेच चालू सर्व्हर मुद्दाम बंद पाडणारं ‘केऑस मंकी’ नावाचं साधन बनवलं, म्हणजे खरा बिघाड आला तर तो नवा वाटू नये. एनएसईने २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी खास सत्रं घेऊन व्यवहार मुख्य केंद्रावरून आपत्कालीन केंद्रावर हलवून पाहिले.

तुमच्या संस्थेसाठी आधी दोन आकडे कागदावर लिहा. किती तासांची ताजी माहिती गेली तर चालेल? आणि किती तासांत काम पुन्हा सुरू व्हायलाच हवं? पहिल्या आकड्यावरून बॅकअप किती वेळा घ्यायचा हे ठरतं, दुसऱ्यावरून पर्यायी सर्व्हर किती तयार ठेवायचा हे. त्यानंतर तीन-दोन-एकचा जुना नियम पाळा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. त्या तिसऱ्या प्रतीचा पासवर्ड वेगळा असू द्या आणि रोजच्या खात्यावरून ती पुसता येणार नाही अशी सोय करा.

आणि या महिन्यात एक दिवस ठरवून बॅकअपमधली एक फाइल, शक्य असेल तर अख्खा सर्व्हर, नव्या यंत्रावर उभा करून पाहा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा, दर तिमाहीला पुन्हा करा. कंपनी कितीही मोठी असो, ही तालीम तुमच्या वतीने ती करणार नाही. परत मिळवून न पाहिलेला बॅकअप हिशोबात धरू नका.