आकाश थंड, मैदान तापलेले

मे महिन्यातली दुपार. पेणच्या बाजारपेठेत पारा 36 अंशांवर. हा आकडा ऐकून जळगावचा किंवा नागपूरचा माणूस हसेल. पण पेणमध्ये त्या वेळी पाठीला चिकटलेला शर्ट तासभर वाळत नाही आणि पंख्याखाली बसूनही घामाची धार थांबत नाही. त्याच क्षणी पेणच्या डोक्यावर, सरळ वर चार किलोमीटरवर, हवा 10 अंशांच्या आसपास असते. तासाभरात चालून जावे एवढेच हे अंतर. फक्त ते उभे आहे. हवेत वर जाताना दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्याचा हा हिशेब.

हे उभे अंतर दिवसातून अनेकदा वर-खाली करणारे लोक म्हणजे स्कायडायव्हर. पेण-रोह्याकडे त्यांचे मैदान नाही. इथले साहसी खेळ म्हणजे कोलाडला कुंडलिकेतले राफ्टिंग. तरीही स्कायडायव्हरचा उन्हाळी दिवस रायगडकरांनी समजून घेण्यासारखा आहे, कारण उन्हात माणूस नेमका कुठे चुकतो, हे या कामात फार लवकर उघडे पडते.

महाराष्ट्रात स्कायडायव्हिंग म्हटले की पहिले नाव येते ते पुण्याच्या शीतल महाजन यांचे. 18 एप्रिल 2004 रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर 2400 फुटांवरून उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती आणि तिथे तापमान होते उणे 37 अंश. डिसेंबर 2006 मध्ये दक्षिण ध्रुव झाला, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये थायलंडला नऊवारी नेसून 13 हजार फुटांवरून उडी झाली, नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात 21,500 फुटांवरून. अशा उड्यांची छायाचित्रे छापून येतात आणि त्यांत बर्फ दिसतो, उंची दिसते. रोजचे काम मात्र छायाचित्रात येत नाही. ते बहुतांश जमिनीवर चालते आणि उन्हाळ्यात उन्हातच चालते.

हिशेब करून पाहा. 13 हजार फुटांवर पोहोचायला छोट्या विमानाला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. दार उघडल्यावर पॅराशूट उघडेपर्यंतचे पडणे 45 ते 50 सेकंदांचे, ताशी 190-200 किलोमीटर वेगाने. मग छत्रीखाली पाच-सहा मिनिटे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सगळा खटाटोप, ती एका मिनिटाच्या आत संपते. उरलेला दिवस उतरलेली छत्री गोळा करून मैदानातून चालत येण्यात, गुडघ्यांवर बसून तिच्या घड्या घालण्यात, वाऱ्याची वाट पाहण्यात आणि विमानाच्या पुढच्या फेरीसाठी तयार होण्यात जातो. एक छत्री नीट बांधायला सवयीच्या हातांनाही दहा-पंधरा मिनिटे लागतात. नायलॉनच्या त्या गुळगुळीत कापडातली हवा अंगाने दाबून काढावी लागते. पत्र्याच्या शेडखाली हे काम करणाऱ्याच्या हनुवटीवरून घाम टपकत असतो आणि त्याचा अर्धा जीव तो घाम कापडावर पडू न देण्यात गुंतलेला असतो. ज्याचे काम पाहुण्यांना पोटाशी बांधून उडी घेण्याचे आहे, त्या प्रशिक्षकाचे हाल आणखी वेगळे. दर फेरीला नवा माणूस, नवे वजन, त्याची धास्ती घालवायची आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सूट, पाठीवर दोन छत्र्यांचे ओझे.

अशा घामेजलेल्या अवस्थेत तो वर जातो. विमानाचे दार उघडले की भिजलेल्या कपड्यांवर 10 अंशांचा वारा झोंबतो. बोटे बधिर होतात, दात वाजतात, आणि सहा-सात मिनिटांनी तो पुन्हा 36 अंशांत उभा असतो. चार किलोमीटर उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्केच. धडधाकट माणसाला हे थोडा वेळ सोसते. पण जो सकाळपासून पाणी न पिता मैदानात उभा आहे, त्याच्या रक्तवाहिन्या उष्णतेने आधीच सैलावलेल्या असतात, रक्तदाब खाली असतो. त्याला विमानातच गरगरू लागते.

उन्हाळा यंत्रालाही त्रास देतो. 40 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी विरळ असते. विमान हळू चढते आणि छत्री थोडी जास्त वेगाने खाली येते. डांबर, खडक आणि नांगरलेली जमीन यांच्यावरून गरम हवेचे लोट उठतात. मैदानात अचानक वावटळ फिरते आणि शेवटच्या शंभर फुटांत छत्रीची एक बाजू दुमडते. या खेळातले बरेचसे जीवघेणे अपघात अलीकडे पॅराशूट न उघडल्याने होत नाहीत. ते उत्तम उघडलेल्या पॅराशूटखाली, उतरताना झालेल्या निर्णयाच्या चुकीने होतात. म्हणून शहाणी मंडळी पहाटे उड्या सुरू करतात, ऊन चढले की थांबतात आणि उरलेले काम संध्याकाळी घेतात.

इथवर वाचून वाटेल की सगळा दोष पाऱ्याचा. पण देशात नागरिकांसाठी उड्या होतात त्या हरियाणातल्या नारनौलसारख्या ठिकाणी, आणि हवाई दल सैनिकांना छत्री शिकवते ते आग्र्याला. दोन्हीकडचा उन्हाळा भाजून काढणारा, पण बव्हंशी कोरडा. कोकणाचा उन्हाळा वेगळ्या जातीचा आहे. शरीर थंड होते ते घाम निघाल्याने नव्हे, घाम वाळल्याने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम पायावरून ओघळून जमिनीवर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. हवेची ही वाळवण्याची ताकद मोजायला तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळतात. त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. विदर्भातल्या 42 अंशांना हवेत 15 टक्के आर्द्रता असेल तर हे ओल्या फडक्याचे तापमान सुमारे 22 येते. पेणच्या 36 अंशांना 55 टक्के आर्द्रता असेल तर ते 28 येते. पूर्वी 35 ही माणसाच्या सहनशक्तीची हद्द मानत. तरुण, निरोगी लोकांवर झालेल्या अलीकडच्या प्रयोगांत 31 च्या आसपासच शरीराचा तोल जाऊ लागलेला दिसला. 28 आणि 31 यांत फार अंतर नाही.

रायगडमध्येही हे सगळीकडे सारखे नसते. दुपारी खारे वारे धरमतरच्या खाडीवरून पेणकडे आणि कुंडलिकेच्या खोऱ्यातून रोह्याकडे येतात. ते पारा थोडा उतरवतात आणि दमटपणा वाढवतात. रोह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिऱ्याला मात्र ते उशिरा पोहोचतात किंवा पोहोचतच नाहीत. 28 मार्च 2017 रोजी भिऱ्याचा पारा 46.5 अंश नोंदला गेला आणि देशभर बातमी झाली. त्या नोंदीबद्दल नंतर शंकाही घेतल्या गेल्या. लक्षात मात्र भिरा राहिले. पेण कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण 36 हा बातमीचा आकडा नाही.

आता मुख्य गोष्ट. उष्णतेने माणूस कोसळतो ते शेवटी. त्याच्या बऱ्याच आधी त्याची विचारशक्ती मंदावते. त्वचा थंड ठेवण्यासाठी रक्त बाहेरच्या बाजूला वळते, हृदय जोरात धावते, आणि शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले की लक्ष एकाग्र ठेवणे, चटकन ठरवणे, आकडे लक्षात ठेवणे कठीण जाऊ लागते. 60 किलोच्या माणसात हे दोन टक्के म्हणजे सव्वा लिटर. कोकणातल्या उन्हात काम करताना दीड-दोन तासांत जाण्याइतके. यात वाईट भाग असा की ज्याची बुद्धी मंदावते, त्याला ते कळत नाही. तो चिडचिडा होतो, घाई करतो, ‘मला काही झालेले नाही’ असे ठासून सांगतो. दारू प्यायलेल्या माणसासारखेच आहे हे.

स्कायडायव्हरांनी ही गोष्ट मान्य करून आपले काम बांधलेले आहे, आणि त्यांच्याकडून घेण्यासारखे काही असेल तर ते हेच. विमानात चढण्यापूर्वी पट्टे, बकले, छत्रीची पिन दुसरा माणूस तपासतो; हजार उड्या मारलेल्याचीही तपासतो. छत्री कोणत्या उंचीवर उघडायची, किती वाऱ्यात उडी रद्द करायची, हे आकडे जमिनीवर, डोके थंड असताना ठरतात; वर गेल्यावर त्यावर वाद नाही. आणि त्यातूनही चूक झालीच तर सामानात एक छोटे यंत्र असते. 1991 पासून वापरात असलेल्या सायप्रससारखे हे यंत्र, माणूस साधारण 750 फुटांवरही भरधाव पडतोच आहे असे दिसले, तर राखीव छत्री आपोआप सोडते. त्या माणसाला काय वाटते, हे ते विचारत नाही.

पेणजवळ हमरापूर-जोहे भागात गणपतीचे कारखाने उन्हाळ्यात भरात असतात. पत्र्याच्या शेडमध्ये साच्यात ओतलेले प्लास्टर घट्ट होताना स्वतः उष्णता सोडते, ही रसायनशास्त्रातली साधी गोष्ट. कारागिराला ती तळहातावर जाणवते. रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत संरक्षक पोशाख, हातमोजे, बूट घालून काम करणाऱ्याची अवस्था सूट चढवून विमानाची वाट पाहणाऱ्या स्कायडायव्हरसारखीच असते, घाम आत कोंडलेला. फरक एवढा की त्याची पिन तपासायला कोणी नसते. आणि सुटीवरून परतलेल्या किंवा नव्याने लागलेल्या कामगाराला पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी दिली जाते. शरीराला उष्णतेची सवय लागायला एक ते दोन आठवडे लागतात. सर्वांत धोक्याचे असतात ते पहिले काही दिवस.

16 एप्रिल 2023 चा खारघरचा कार्यक्रम रायगडमध्ये कोणी विसरलेले नाही. उघड्या मैदानात लाखो लोक तासन् तास बसले होते. पारा 38 अंशांच्या आसपास होता, विदर्भात ज्याला कोणी उष्णतेची लाट म्हणणार नाही. चौदा माणसे गेली. बसून राहणाऱ्यांनाही हे होते, तर घमेले उचलणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या दिवसानंतर प्रत्येक कारखान्यात विचारला जायला हवा होता.

यातून उपाय अवघड निघत नाहीत. काम करणाऱ्यांच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावे. कोणत्या वेळेला थांबायचे ते सकाळीच ठरवावे. पोह्याचे पापड वाळत घालणाऱ्या पेणच्या बायका पहाटेच लाट्या करून ऊन चढण्याआधी गच्चीवरून खाली येतात. त्यांना हे कोणी शिकवलेले नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घाम फार जात असेल तर मीठ घातलेले ताक, कोकम सरबत किंवा ओआरएस घ्यावे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच मानसिक आजाराची काही औषधे किंवा सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, उगाच भांडू लागला आणि अंग तापलेले असेल तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी समजावा. कष्टाच्या कामात घाम आटण्याआधीच उष्माघात होतो. 108 ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ वाया घालवू नये, कारण पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झाले तर मेंदू, यकृत, मूत्रपिंड वाचतात. सावलीत न्यावे, जाड कपडे काढावेत, बादल्यांनी पाणी ओतावे, पुठ्ठ्याने वारा घालावा, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत आणि जांघेत ठेवावा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. अंगावर पाणी ओतणे मात्र गाडी दाराशी येईपर्यंत चालू ठेवावे.