पिन बसली, पण वीज जुळली का?

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्यासारख्या गावातून एखादी लेक अमेरिकेला निघाली, की घरात बॅग भरण्याची लगबग सुरू होते. लोणचं, काळा मसाला, घरची हळद, पापड. शेवटी कपड्यांत गुंडाळून मिक्सर ठेवला जातो. तिकडं शेंगदाण्याची चटणी कशात वाटणार, हा आईचा प्रश्न रास्तच असतो. बॅगेचं वजन दोनदा केलं जातं. मिक्सरच्या बुडाला चिकटवलेलं लेबल मात्र कुणी वाचत नाही.

त्या लेबलवर साधारण असं लिहिलेलं असतं : 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 750 वॅट. पहिला आकडा विजेच्या दाबाचा. दुसरा वारंवारतेचा, म्हणजे वीजप्रवाहाचं आंदोलन सेकंदाला किती वेळा होतं ते सांगणारा. तिसरा यंत्राच्या शक्तीचा. पहिले दोन आकडे भारतातल्या घरगुती विजेचे आहेत. अमेरिकेत आणि कॅनडात घरच्या साध्या सॉकेटमध्ये 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ वीज असते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दुबई इथं दाब आणि वारंवारता जवळपास आपल्यासारखीच, पिनेचा आकार तेवढा वेगळा. सौदी अरेबियात दाब आपल्याएवढा, पण वारंवारता 60.

जपानची गोष्ट तर नवलाची आहे. तिथं दाब 100 व्होल्ट. पण टोकियोनं 1895 साली जर्मन बनावटीची 50 हर्ट्झची जनित्रं घेतली आणि ओसाकानं पुढच्याच वर्षी अमेरिकन बनावटीची 60 हर्ट्झची. तेव्हापासून एकाच देशाच्या पूर्व आणि पश्चिम भागांत दोन वारंवारता नांदताहेत. 2011 च्या भूकंपानंतर पूर्वेकडं विजेची टंचाई झाली, तेव्हा पश्चिमेकडची वीज पुरेशी तिकडं वळवता आली नाही, त्यामागं हेही एक कारण होतं.

परदेशी जाणारे बहुतेकजण एक वस्तू आठवणीनं घेतात : अ‍ॅडॉप्टर. पण अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. भिंतीतून 120 व्होल्ट येत असतील, तर यंत्रालाही 120 च मिळतात.

म्हणजे नेमकं काय होतं? आपली 1000 वॅटची इस्त्री घेऊ. तापणाऱ्या तारेची शक्ती दाबाच्या वर्गावर ठरते. दाब 230 वरून 120 वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आला, की शक्ती निम्मी राहत नाही. ती पाव हिश्शाच्या थोडी वर, साधारण 270 वॅट उरते. इस्त्री नुसती कोमट होते. उलट अमेरिकेतून आणलेली 1000 वॅटची इस्त्री हट्ट्याच्या बोर्डात लावली, तर हाच हिशेब साडेतीन हजार वॅटच्या पुढं जातो. तार क्षणात लाल होते, वितळू शकते, आणि शेजारी पडदा किंवा गादी असेल तर आग लागू शकते. म्हणून परदेशातून परत येणाऱ्यांनी जाणाऱ्यांपेक्षा जास्त सांभाळायला हवं.

मिक्सरचं दुखणं वेगळं. कमी दाबावर पाण्याची मोटार कशी घुमते, तापते आणि शेवटी जळते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मिक्सरची मोटार त्या जातीची नसते, पण कमी दाबावर तिचाही जोर ओसरतो. पातं चटणीत अडकतं, आत हवा खेळवणारा पंखा मंदावतो, वाइंडिंगची उष्णता बाहेर पडत नाही आणि जळका वास येऊ लागतो. अशा वेळी दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही यंत्राच्या वॅटच्या निदान दीडपट-दुप्पट क्षमतेचा. कारण सुरू होताना मोटार जास्त प्रवाह ओढते. प्रवासी सामानाच्या दुकानात मिळणारे काही हलके कन्व्हर्टर फक्त इस्त्री किंवा हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. त्यांवर मिक्सर चालवू नये.

ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो. वारंवारता तशीच राहते. मिक्सरच्या मोटारीला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण विजेच्या आंदोलनावर चालणारं अमेरिकेतलं घड्याळ इथं आणलं, तर ते तासाला 10 मिनिटं मागं पडतं. 60 हर्ट्झसाठी बनवलेला फ्रिजचा कॉम्प्रेसर 50 हर्ट्झवर हळू फिरतो आणि जास्त तापू शकतो.

वारंवारतेच्या या फरकाचं मोठं उदाहरण हिंगोली जिल्ह्यातच उभं राहत आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लिगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं 2023 मध्ये तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिचे महत्त्वाचे भाग अमेरिकेतून यायचे आहेत. अमेरिकेतल्या लिगोच्या नोंदींत घरगुती विजेची 60 हर्ट्झची रेघ ठळक दिसते, इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेच्या नोंदींत 50 हर्ट्झची. अणूच्या केंद्रकाहूनही सूक्ष्म हालचाल टिपणाऱ्या यंत्रालासुद्धा आपण कोणत्या देशाच्या विजेवर चालतो, हे विसरता येत नाही.

दाबाइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे अर्थिंग. आपल्या थ्री पिन टॉपमधली वरची पिन जाड आणि लांब असते; लांब यासाठी, की यंत्र सॉकेटला जोडताना अर्थिंग आधी लागावं. आत वायर सुटून पत्र्याला चिकटली, तर प्रवाह या वाटेनं जमिनीत जातो, माणसाच्या अंगातून जात नाही. ती पिन तोडून किंवा दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये अडकवून यंत्र चालवणं म्हणजे हा पहारेकरीच काढून टाकणं. अमेरिकेत स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातल्या सॉकेटला बहुधा छोटी बटणं असतात. जेमतेम 5 मिलिअँपिअर प्रवाह भलत्या वाटेला गेला, तरी ते सॉकेट वीज तोडतं. ते वारंवार वीज तोडत असेल, तर दोष बहुधा यंत्रात असतो. दुसरं सॉकेट शोधू नये.

मग न्यावं काय? मोबाइल आणि लॅपटॉपचे बहुतेक चार्जर बिनघोर न्यावेत. त्यांवर '100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असं छापलेलं असतं. आतलं सर्किट मिळेल तो दाब जुळवून घेतं. त्यांना अ‍ॅडॉप्टर पुरतो. इस्त्री, किटली, हेअर ड्रायर तिकडंच घ्यावेत. मिक्सरसाठीही आता वेगळा उपाय आहे. 1963 साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी 'सुमीत' मिक्सर बनवला, तो घरातला परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढं टिकला नाही म्हणून. आज भारतीय पद्धतीचे, पण 110 किंवा 120 व्होल्टवर चालणारे मिक्सर अमेरिकेत विकत मिळतात. सात समुद्रांपलीकडं जड ट्रान्सफॉर्मर वाहून नेण्यापेक्षा ते बरं.

बॅग बंद करण्याआधी प्रत्येक यंत्र उलटं करा आणि व्होल्ट, हर्ट्झ, वॅट हे तीन आकडे वाचा. व्होल्ट आणि हर्ट्झ जिथं जायचं त्या देशाच्या आकड्यांशी जुळत नसतील, तर ते यंत्र घरीच राहू द्या.