क्रिप्टोबद्दल प्रत्येक जण वेगळं का सांगतो? नवख्या माणसाच्या गोंधळाची पाच कारणं



अकरावी-बारावीच्या वर्गात हल्ली हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "सर, बिटकॉइन घ्यावं का?" हाच प्रश्न स्टाफरूममध्येही निघतो, आणि मग उत्तरांचा पाऊस पडतो. एक म्हणतो, भारतात बंदी आहे. दुसरा म्हणतो, बंदी असती तर सरकारने कर कसा लावला असता? तिसरा म्हणतो, ते कधीच हॅक होत नाही. चौथा म्हणतो, माझ्या मेहुण्याचे पैसे हॅकमध्येच गेले. नवीन माणूस बिचारा गोंधळून जातो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो.

गंमत अशी की यातले बरेच जण खोटं बोलत नसतात. प्रत्येकाच्या हातात अर्धी माहिती असते. ती अर्धी का राहते, ते आज समजून घेऊ.

१) माहितीवर तारीख नसते

भारतातला कायद्याचा प्रवास पाहा.

- ६ एप्रिल २०१८ : रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा द्यायला मनाई केली.
- ४ मार्च २०२० : सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवलं.
- २०२१ : खाजगी क्रिप्टोचलनांवर बंदी आणणारं विधेयक संसदेच्या कामकाजाच्या यादीत आलं, पण मांडलंच गेलं नाही.
- १ एप्रिल २०२२ : नफ्यावर ३० टक्के कर सुरू झाला.
- १ जुलै २०२२ : व्यवहारावर १ टक्का टीडीएस सुरू झाला.
- मार्च २०२३ : क्रिप्टो व्यवहार करून देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या.

आता २०१८ चा व्हिडिओ आणि २०२२ चा व्हिडिओ एकाच संध्याकाळी पाहणाऱ्याचं काय होईल? दोन्ही आपापल्या वेळी बरोबर होते. मोबाईलवर मात्र दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात आणि आपण तारीख बघत नाही.

२) एकाच शब्दाखाली अनेक गोष्टी

'क्रिप्टो' हा शब्द आपण 'फळ' या शब्दासारखा वापरतो. फळात आंबाही आला आणि धोतऱ्याचं फळही आलं! बिटकॉइन २००९ पासून चालू आहे आणि त्याची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही, असा नियम त्याच्या प्रणालीतच आहे. ही मर्यादा बिटकॉइनची आहे, प्रत्येक नाण्याची नाही. कालपरवा कुणीतरी गंमत म्हणून काढलेल्या नाण्याची संख्या कितीही असू शकते. काही नाण्यांना तर 'स्टेबलकॉइन' म्हणजे स्थिर नाणं म्हणतात. त्यातलंच टेरायूएसडी हे नाणं एका डॉलरच्या भावाला बांधलेलं होतं. मे २०२२ मध्ये ते काही दिवसांत कोसळलं.

त्यातच डिजिटल रुपयाची भर. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत सामान्य लोकांसाठी त्याची चाचणी सुरू केली. तो आपलाच रुपया आहे, फक्त डिजिटल रूपातला. पण "सरकारनेच क्रिप्टो आणलं" असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरायला तेवढं कारण पुरतं.

३) प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं

"ते सुरक्षित आहे का?" या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न दडलेले आहेत. नोंदवहीत कुणी खाडाखोड करू शकेल का? माझी नाणी जिथे ठेवली ती जागा सुरक्षित आहे का? आणि माझ्या पैशांची किंमत टिकेल का?

बिटकॉइनची नोंदवही, म्हणजेच ब्लॉकचेन, जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. त्यामुळे जुनी नोंद बदलणं अतिशय कठीण आहे. पण बहुतेक नवे लोक नाणी स्वतःकडे न ठेवता एक्सचेंजकडे ठेवतात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली. वही शाबूत राहिली, तिजोरी फुटली! म्हणजे "हॅक होत नाही" म्हणणारा वहीबद्दल बोलत होता आणि मेहुण्याचे पैसे गेले म्हणणारा तिजोरीबद्दल.

कायद्याचंही तसंच आहे. क्रिप्टो हे भारतात कायदेशीर चलन नाही, म्हणजे दुकानदाराने ते घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. ते बाळगणं हा गुन्हाही नाही. आणि कर लावला म्हणजे सरकारने हमी दिली, असंही होत नाही. ही तिन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

४) आकडे खरे, पण अर्धे

हा भाग गणिताच्या शिक्षकांनी वर्गात जरूर घ्यावा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनचा भाव सुमारे ६९,००० डॉलरवर गेला. वर्षभराने तो सुमारे १६,००० वर आला, म्हणजे जवळजवळ ७७ टक्के घसरण. मार्च २०२४ मध्ये तो पुन्हा ६९,००० च्या वर गेला. १६,००० पासून मोजलं तर ही सुमारे ३३० टक्के वाढ! जाहिरात करणारा "३३० टक्के" सांगेल. पण ज्याने ६९,००० ला घेतलं होतं, त्याला सव्वादोन वर्षं थांबून फक्त मुद्दल परत मिळालं. मोजायला कुठून सुरुवात केली, हे विचारल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

आता कराचं गणित. समजा एका नाण्यात ५०,००० रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात ४०,००० तोटा. हातात १०,००० उरले असं वाटतं. पण या नियमात एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. कर पूर्ण ५०,००० वर : ३० टक्क्यांनी १५,००० आणि त्यावर ४ टक्के सेस ६००, एकूण १५,६००. म्हणजे माणूस प्रत्यक्षात ५,६०० रुपयांनी तोट्यात गेला. "मी दहा हजार कमावले" असं ग्रुपवर सांगणाऱ्याने हे गणित बहुधा केलेलंच नसतं.

५) सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे?

तुमच्या लिंकवरून मित्र जोडला गेला तर बक्षीस, ही पद्धत या धंद्यात सर्रास आहे. म्हणून सल्ला देणारा कधी मित्र असतो आणि कधी विक्रेता, बऱ्याचदा दोन्ही एकदमच.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी 'गेनबिटकॉइन' या योजनेच्या प्रकरणात अटक केली. बिटकॉइन गुंतवा, दर महिन्याला १० टक्के मिळवा, १८ महिने, असं आश्वासन होतं. १८ महिन्यांत १८० टक्के! बँक ठेवीवर वर्षभरात किती व्याज देते, हे सातवीतला मुलगाही सांगेल. पण 'बिटकॉइन' हा नवा शब्द पुढे आला की आपण सरळव्याजाचं गणितच विसरतो. तिथे तंत्रज्ञान कळण्याची गरजच नव्हती.

मग मुलांना काय शिकवायचं?

कुठलीही माहिती आली की चार प्रश्न वहीत लिहायला लावा :

१. हे कधीचं आहे?
२. नेमकं कशाबद्दल आहे? कोणतं नाणं? आणि वही, तिजोरी की भाव?
३. सांगणाऱ्याला यातून काय मिळतं?
४. मूळ ठिकाणी तपासता येईल का? कराबद्दल आयकर विभाग आणि चलनाबद्दल रिझर्व्ह बँक यांच्या संकेतस्थळावर जा. नियम बदलत असतात, म्हणून या लेखातले नियमही व्यवहारापूर्वी तिथे तपासून घ्या.

प्रात्यक्षिक म्हणून वर्गात परस्परविरोधी दोन संदेश द्या आणि गटागटाने ही उत्तरं शोधायला सांगा. बहुतेक वेळा मुलांनाच कळतं की भांडण मुळात नव्हतंच, दोघं वेगळ्या गोष्टीबद्दल बोलत होते. आणि ज्या संदेशात चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर सापडत नाही, तो बाजूला ठेवायचा.

पालकांना एक विनंती. १८ वर्षांखालच्या मुलाला खातं उघडता येत नाही, म्हणून तो तुमचं पॅन आणि ओटीपी मागेल. तेव्हा ओरडू नका आणि गप्प बसून देऊही नका. हे चार प्रश्न घेऊन त्याच्याशेजारी बसा. आणि फसवणूक झालीच, तर लाजेपोटी लपवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.