केवळ वाचनासाठीं : ‘लेस’ या आज्ञेची ओळख



लिहिलेला मजकूर वाचावयाचा, परंतु त्यास यत्किंचितही धक्का लावावयाचा नाहीं, असे प्रसंग आपल्या व्यवहारांत नेहमीं येतात. जुन्या दप्तरांतील कागद पाहणारा अभ्यासक हातांत लेखणी घेऊन त्यावर वांकत नाहीं. संगणकापुढें बसल्यावर मात्र हा विवेक सहज सुटतो. समजा, एखाद्या सहकारी गृहसंस्थेचा वर्षभराचा जमाखर्च साध्या मजकुराच्या फाईलींत ठेवलेला आहे. चिटणिसांना त्यांतला एकच आंकडा पाहावयाचा आहे. ते ती फाईल लिहिण्याच्या साधनांत उघडतात. बोलतां बोलतां बोट एका कळीवर टेकतें, ५,००० चे ५०,००० होतात, आणि बंद करतांना ‘बदल जतन करावा काय?’ या प्रश्नास संवयीनें ‘होय’ असें उत्तर दिलें जातें. पाहण्यासाठीं गेलेला मनुष्य लिहून परत येतो, आणि तें त्याच्या ध्यानींही येत नाहीं. आज ज्या साधनाची ओळख करून द्यावयाची आहे, तें नेमका हाच धोका टाळतें. त्याचें नांव ‘लेस’.

हें साधन युनिक्स या संगणक-प्रणालीच्या कुळांतलें आहे. युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला; केन थॉम्प्सन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार. आजची लिनक्स तिच्याच वळणावर घडलेली असून, मॅक संगणकाच्या पोटांतही तीच परंपरा आहे. या दोहोंत ‘टर्मिनल’ नांवाची एक खिडकी असते. तींत चित्रें नसतात. आपण शब्दांत आज्ञा लिहावयाची आणि संगणकानें शब्दांतच उत्तर द्यावयाचें.

आरंभीच्या काळीं हें उत्तर कागदावर उमटत असे. टेलिटाईप यंत्राचा जो ३३ क्रमांकाचा नमुना त्या वेळीं प्रचारांत होता, तो सेकंदाला १० अक्षरें छापी. गति मंद खरी; परंतु छापलेला कागद हातीं राही, आणि मागचें वाचावयाचें झाल्यास तो मागें ओढला कीं काम भागे. पुढें कांचेचा पडदा आला. त्यावर बहुधा २४ ओळी मावत. पंचविसावी ओळ आली कीं पहिली वर सरकून दिसेनाशी होई. मजकूर वेगानें धांवूं लागला आणि वाचणाराचे डोळे मागें पडले.

ही अडचण दूर करण्यासाठीं १९७८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डॅनियल हॅल्बर्ट या विद्यार्थ्यानें ‘मोअर’ नांवाची आज्ञा रचली. ती पडदाभर मजकूर दाखवून थांबे व तळाशीं ‘मोअर’, म्हणजे ‘आणखी आहे’, असा शब्द दाखवी. कळ दाबली कीं पुढचा पडदा येई. परंतु या पहिल्या ‘मोअर’ला मागें जातां येत नसे. पोथीचें पान एकदां उलटलें कीं पुन्हां हातीं येऊं नये, तसा हा प्रकार होता. ती उणीव मार्क न्यूडेलमन यांनीं भरून काढली. १९८३ ते १९८५ या काळांत त्यांनीं मागें व पुढें दोहोंकडे जाणारें साधन लिहिलें आणि विनोदानें त्याचें नांव ‘लेस’ ठेवलें. ‘मोअर’ म्हणजे अधिक आणि ‘लेस’ म्हणजे उणें. पण नांवानें उणें असलेलें हें साधन गुणांनीं अधिक ठरलें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. लिनक्स व मॅक या दोहोंवर बहुधा ‘सर्व्हिसेस’ नांवाची एक फाईल असते. संगणकांच्या जाळ्यांतील निरनिराळ्या सेवांचीं नांवें आणि त्यांना नेमून दिलेले क्रमांक यांची ती लांबलचक यादी आहे. टर्मिनलमध्यें लहान रोमन लिपींत एल्, ई, एस्, एस् हीं अक्षरें लिहा आणि एक जागा मोकळी सोडा. मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ, ई, टी, सी, पुन्हां तिरकी रेघ, आणि ‘सर्व्हिसेस’ हा इंग्रजी शब्द, असें सलग लिहून एन्टर कळ दाबा. यादीचा पहिला पडदा समोर येईल.

मोकळ्या जागेची लांब कळ दाबली कीं एक पडदा पुढें जातां येतें. ‘बी’ हें अक्षर दाबलें कीं एक पडदा मागें. एन्टर दाबल्यास एकेक ओळ पुढें सरकते. लहान ‘जी’ आरंभीं नेतें, मोठें ‘जी’ शेवटीं. ‘क्यू’ दाबलें कीं वाचन संपलें. या काळ्या खिडकींतून बाहेर कसें पडावें, हीच नवशिक्याची मोठी भीति असते. तेव्हां ‘क्यू’ हें अक्षर सर्वांच्या आधीं पाठ करावें.

१,००० ओळींची फाईल २३ ओळींच्या पडद्यांनीं वाचावयाची म्हटलें, तर ४४ पडदे उलटावे लागतील. म्हणून शोधाची सोय आहे. तिरकी रेघ दाबून इंग्रजी ‘डोमेन’ हा शब्द लिहा व एन्टर दाबा. नांवावरून संगणकाचा पत्ता सांगणारी जी सेवा, तिची ओळ समोर येईल, आणि तिचा क्रमांक ५३ असल्याचें दिसेल. लहान ‘एन्’ दाबलें कीं तोच शब्द पुढें जेथें असेल तेथें आपण जातों. मोठें ‘एन्’ दाबलें कीं उलट दिशेनें. फाईल मराठींत असेल तर मराठी शब्दही शोधतां येतो; मात्र टर्मिनलमध्यें आपलीं जोडाक्षरें नीट जुळून दिसतीलच असें नाहीं.

‘लेस’ची आणखी एक खुबी आहे. फाईल कितीही मोठी असो, तें ती सगळी आधीं वाचून काढीत बसत नाहीं. समोर दाखवावयास लागेल तेवढाच भाग घेतें. त्यामुळें अवाढव्य फाईलही लगेच उघडते. संगणक आपल्या कामाची रोजनिशी स्वतः लिहीत असतो, आणि यंत्र बिघडलें असतां त्याचें कारण बहुधा तिच्या शेवटच्या ओळींत सांपडतें. ती उघडून मोठें ‘एफ्’ दाबलें, तर नव्या ओळी जसजशा लिहिल्या जातील तसतशा समोर येत राहतात. ‘कंट्रोल’ कळ धरून ‘सी’ दाबलें कीं तें थांबतें.

या साऱ्या हालचालींत मूळ मजकुराचा एक काना किंवा मात्राही बदलत नाहीं. चुकून भलती कळ दाबली तर फार तर पडदा इकडचा तिकडे होईल. सावध राहावें तें एकाच अक्षरापाशीं. ‘व्ही’ दाबल्यास ‘लेस’ ती फाईल लिहिण्याच्या साधनाच्या स्वाधीन करतें, आणि तेथून पुढें आरंभीं सांगितलेला धोका पुन्हां उभा राहतो. दुसरी मर्यादा अशी कीं, हें साधन साध्या मजकुरासाठीं आहे. सजवलेले दस्तऐवज किंवा छायाचित्रें यांत वाचूं जातां समोर निरर्थक चिन्हें येतील.

लिनक्सवर ‘मॅन’ या आज्ञेनें जी माहितीपुस्तिका उघडते, ती सामान्यतः ‘लेस’मधूनच दाखविली जाते. म्हणजे या सहा-सात कळा शिकणारास पुढील सर्व आज्ञांची शिकवणी घरबसल्या मिळते. आणखी कळा जाणून घ्यावयाच्या तर ‘एच्’ दाबावें. पूर्ण यादी समोर येते.

घरचा हिशेब असो, संस्थेची नोंदवही असो कीं यंत्राची रोजनिशी असो, तिच्यावर विसंबणारीं माणसें अनेक असतात, आणि कोणाच्या नकळत झालेला बदल शोधून काढणें फार जड जातें. तेव्हां पुढच्या वेळीं अशी फाईल नुसती पाहावयाची असेल, तर ती ‘लेस’नें उघडावी, हवा तो आंकडा शोधावा, खात्रीसाठीं मागें-पुढें पाहावें, आणि ‘क्यू’ दाबून बाहेर पडावें.