पाहुण्या संघाचा वैद्य आणि नोंदणीचा कायदा

वैद्यकव्यवसाय करण्याचा अधिकार केवळ पदवीने मिळत नाही, तो नोंदणीने मिळतो. आणि नोंदणी म्हटली की तिच्यामागे कोणता तरी प्रदेश आलाच. क्रीडासंघाचे जीवन याच्या अगदी उलट असते. सामना घरच्या मैदानावर नसेल तर तो परक्या गावी, परक्या राज्यात किंवा परक्या देशात असतो, आणि संघाबरोबर त्याचा वैद्य, फिजिओथेरपिस्ट व मालिश करणाराही प्रवासास निघतो. खेळाडू सीमा ओलांडतो तेव्हा त्याच्या खेळण्याच्या अधिकाराचा प्रश्न क्रीडासंघटना सोडवितात. वैद्य सीमा ओलांडतो तेव्हा त्याच्या उपचार करण्याच्या अधिकाराचे काय होते, या प्रश्नाकडे मात्र आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी एक लहानसे स्थळ घेणे सोयीचे ठरेल. वडगाव रासाई हे शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव. भीमा ही शिरूर आणि दौंड या तालुक्यांमधील सीमा होय. नदीपलीकडील दौंड तालुक्यातून कबड्डीचा एखादा संघ आपल्या डॉक्टरासह अलीकडे आला, तर त्या डॉक्टराच्या अधिकारात तिळमात्र फरक पडत नाही. कारण महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदवही संपूर्ण राज्यासाठी एकच आहे. आता कल्पना करावी की त्याच मैदानावर बेळगावचा संघ आला असून त्याच्याबरोबरच्या डॉक्टराची नोंदणी कर्नाटकातील परिषदेकडे आहे. पकडीत सापडलेल्या चढाईपटूचा खांदा निखळतो. डॉक्टर मैदानात धावतो, खांदा जागेवर बसवितो, वेदनाशामक इंजेक्शन देतो आणि हा खेळाडू पुढील सामन्यास अयोग्य आहे असे लिहून देतो. या तिन्ही कृतींचा कायदेशीर दर्जा एकच आहे काय? आणि हाच संघ श्रीलंकेचा असता, तर उत्तर बदलले असते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडे मागे जावे लागते. मुंबई इलाख्यात १९१२ साली वैद्यकव्यवसायींच्या नोंदणीचा कायदा झाला आणि प्रांतिक नोंदवहीची पद्धत रूढ झाली. पुढे १९३३ च्या अधिनियमाने अखिल भारतीय परिषद अस्तित्वात आली. परंतु नोंदणीचा मूळ व्यवहार प्रांतांकडेच राहिला. १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद अधिनियमाने या दोन पातळ्यांची सांधेजोड केली. त्यातील कलम २७ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे होते. ज्याचे नाव भारतीय वैद्यक नोंदवहीत आहे, त्यास आपल्या अर्हतेनुसार भारताच्या कोणत्याही भागात व्यवसाय करण्याचा हक्क त्या कलमाने दिला होता. राज्याची नोंदवही हा प्रवेशाचा दरवाजा आणि भारतीय नोंदवही हे संपूर्ण घर, असे या रचनेचे वर्णन करता येईल. महाराष्ट्रापुरता पाहता राज्य नोंदवहीचा आधार १९६५ चा महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम हा आहे.

१९५६ चा अधिनियम सप्टेंबर २०२० मध्ये निरसित झाला व त्याची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ याने घेतली. नव्या अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये राष्ट्रीय व राज्य या दोन्ही नोंदवह्यांची तरतूद असून, कलम ३४ मध्ये निषेध आहे: राज्य किंवा राष्ट्रीय नोंदवहीत, यथास्थिति, नाव नसलेल्या व्यक्तीस वैद्यकव्यवसाय करता येणार नाही. या ‘यथास्थिति’ शब्दाने बराच गोंधळ निर्माण होऊ शकतो. बेळगावच्या डॉक्टराचे नाव राष्ट्रीय नोंदवहीत आहे, एवढे वडगाव रासाईच्या मैदानावर पुरेसे मानावयाचे, की त्याने महाराष्ट्राच्या नोंदवहीतही यावयास हवे? काही राज्य परिषदा आपल्या राज्यात कायम व्यवसाय थाटणाऱ्यास तेथील नोंदणी घ्यावयास सांगतात, आणि २०२३ च्या विनियमांनीही एकच अभिज्ञान क्रमांक कायम ठेवून एकाहून अधिक राज्यांत काम करण्याची रीत घालून दिली आहे. परंतु दवाखाना थाटणे आणि दोन दिवसांच्या स्पर्धेस संघाबरोबर येणे या गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. ज्याचे नाव देशाच्या नोंदवहीत आहे अशा डॉक्टराने आपल्याच खेळाडूस मैदानावर हात लावला म्हणून त्यास अनधिकृत व्यवसायी ठरविणे हे कायद्याच्या हेतूशी विसंगत होईल. कलमाचा रोख बोगस डॉक्टरांवर आहे, सीमेवरून आलेल्या पाहुण्यावर नव्हे.

परदेशी वैद्याची स्थिती मात्र अगदी निराळी आहे. त्याचे नाव भारतातील कोणत्याच नोंदवहीत नसते. कलम ३४ च्या परंतुकात त्याच्यासाठी एक वाट ठेवलेली आहे: स्वदेशातील कायद्यानुसार नोंदलेल्या परदेशी नागरिकास, विनियमांत ठरविलेल्या मुदतीपुरती व रीतीने, तात्पुरती नोंदणी देता येते. जुन्या अधिनियमाच्या कलम १४ मध्येही परदेशी वैद्यांची सोय होती. पण ती अध्यापन, संशोधन किंवा धर्मादाय कार्यासाठी एखाद्या संस्थेशी जोडलेल्यांपुरती. दोन्ही ठिकाणी कायदाकर्त्यांच्या डोळ्यांसमोर रुग्णालयात येणारा पाहुणा शल्यविशारद होता. संघाच्या बसमध्ये बसून येणारा डॉक्टर नव्हता. २००८ च्या ऑक्टोबरात पुण्यास बालेवाडी येथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा भरल्या, २०२३ साली विश्वचषक क्रिकेटचे सामने गहुंज्याच्या मैदानावर झाले. अशा प्रसंगी निरनिराळ्या देशांचे संघ आपापल्या वैद्यकीय पथकांसह येतात हे सर्वज्ञात आहे. तरीही मूळ अधिनियमाच्या कलमांत क्रीडासंघाचा नामोल्लेखही आढळत नाही. कलमाचा भंग करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे; तेव्हा हा केवळ पंडिती वाद म्हणून सोडून देता येत नाही.

या ठिकाणी असा युक्तिवाद संभवतो की, स्वतःच्या संघापुरते उपचार करणे हा ‘व्यवसाय’च नव्हे, नोंदणीचा हेतू सर्वसामान्य जनतेचे रक्षण हा आहे, आणि पाहुणा वैद्य स्थानिक जनतेस हात लावीतच नाही. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. उपचारांपुरता तो मान्य केला तरी प्रमाणपत्रापुरता तो टिकत नाही. कारण वैद्यकीय वा योग्यतेच्या प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार कलम ३४ मध्ये स्वतंत्रपणे उल्लेखिलेला असून तो केवळ नोंदणीकृतासच आहे. म्हणजे पाहुण्या डॉक्टराने खेळाडूस अयोग्य ठरविले हे संघाच्या अंतर्गत निर्णय म्हणून चालेल. पण तोच कागद भारतातील विमा कंपनीपुढे किंवा न्यायालयापुढे आला, तर त्यास कायद्याचे पाठबळ राहणार नाही. शिवाय अफूजन्य वेदनाशामके बरोबर बाळगण्याचा प्रश्न १९८५ च्या अंमली पदार्थांच्या अधिनियमाखाली येतो, आणि तेथे ‘आपल्याच संघासाठी’ ही सबब मुळीच उपयोगी पडत नाही.

आणीबाणीचा प्रसंग थोडा वेगळा आहे. मैदानावर श्वास थांबलेल्या खेळाडूस वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व जुन्या दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये होते व १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आले आहे. १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जखमीस तात्काळ मदत देणे हे प्रत्येक वैद्याचे कर्तव्य ठरविले. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली परोपकारी मदतनिसास जे विशेष संरक्षण मिळाले, ते मात्र वाहन अपघातांपुरतेच आहे. रस्त्यावर जे कवच मिळते ते कबड्डीच्या मैदानावर मिळत नाही, ही विसंगती नोंदविण्याजोगी आहे.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्यापेक्षा पुष्कळ तीव्र होता, कारण तेथे वैद्यकाचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. विद्यापीठाचा संघ शेजारच्या राज्यात खेळावयास गेला की त्याचा डॉक्टर सीमेपलीकडे विनापरवाना ठरण्याचा धोका असे. त्याहून मोठी अडचण विम्याची होती: हलगर्जीपणाच्या दाव्यापासून संरक्षण देणारा विमा परवान्याच्या राज्याबाहेरील उपचारांस लागू होईलच याची शाश्वती नसे. डॉक्टरापुढे मग दोनच पर्याय उरत. परवान्यावाचून उपचार करणे किंवा जखमी खेळाडूजवळ उभे राहून स्वस्थ पाहणे. ऑक्टोबर २०१८ मध्ये संमत झालेल्या नागरी विमानवाहतुकीच्या एका मोठ्या अधिनियमातच यावरील तरतूद समाविष्ट झाली. (असंबद्ध वाटणारे विषय एका विधेयकात बांधण्याची ती तिकडील प्रथा होय.) त्या तरतुदीनुसार, संघाशी लेखी करार असलेला परवानाधारक डॉक्टर किंवा ‘ॲथलेटिक ट्रेनर’ दुसऱ्या राज्यात आपल्या खेळाडूंवर उपचार करतो तेव्हा, दोन्ही राज्यांच्या परवान्याच्या अटी बव्हंशी सारख्या असल्यास, तो उपचार त्याच्या मूळ राज्यातच झाला असे मानावयाचे, मात्र विमा कंपनीस त्याने त्या सेवेची कल्पना आधी दिलेली असली पाहिजे. येथील खरी मेख अपवादात आहे. रुग्णालयात केलेले उपचार आणि रुग्णालयाकडे नेताना वाटेत केलेले उपचार या कल्पनेतून वगळलेले आहेत. मैदान हे पाहुण्या डॉक्टराचे, रुग्णालय हे स्थानिक डॉक्टराचे, अशी स्वच्छ रेषा तेथे आखलेली आहे.

ऑस्ट्रेलियाने निराळा मार्ग स्वीकारला. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकपूर्वी न्यू साउथ वेल्सने १९९७ साली विशेष प्रसंगांपुरता सूट देणारा अधिनियम केला; पाहुण्या वैद्यकीय पथकास पाहुण्यांपुरते उपचार करण्याची मुभा त्याने दिली. अमेरिकेचा नियम संघाला कायमचा चिकटतो, ऑस्ट्रेलियाचा प्रसंगाला. भारतातील गावोगावच्या स्पर्धा लक्षात घेता पहिला मार्ग अधिक उपयुक्त दिसतो. जत्रेतील कुस्त्यांसाठी वा कबड्डीसाठी दरवेळी सरकारी घोषणा निघेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

डॉक्टराखेरीज जे इतर संघाबरोबर येतात, त्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांसाठी २००२ च्या अधिनियमाने स्वतंत्र परिषद झाली. पण अनेक राज्यांत अशी नोंदवही पुष्कळ काळ नव्हती. केंद्राचा २०२१ चा संलग्न आरोग्यव्यवसायांचा अधिनियम ही उणीव भरून काढण्यासाठी आला. नोंदवहीच नसलेल्या राज्यातून आलेला कुशल फिजिओथेरपिस्ट कोणत्या कागदाच्या आधारे येथे काम करणार? आणि तालमीतील वस्ताद, जो पैलवानाचा निखळलेला सांधा पिढीजात कौशल्याने बसवितो, त्याचे स्थान कोणते? १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकव्यवसायी अधिनियमाच्या कलम ३३ मध्ये नोंदणीवाचून वैद्यकी करण्यास मनाई आहे. वस्ताद त्याकडे वैद्यकी म्हणून पाहत नाही, पैलवानही पाहत नाही. न्यायालयाची दृष्टी तशीच राहील याची खात्री मात्र देता येत नाही. एका शाखेची नोंदणी दुसऱ्या शाखेस चालत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मुंबईतील एका होमिओपॅथिक डॉक्टराच्या प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. त्याने ॲलोपॅथीची औषधे दिली, एवढ्यानेच हलगर्जीपणा सिद्ध झाला असे न्यायालयाने मानले.

नुकसानभरपाईचा प्रश्न यालाच लागून येतो. १९९५ च्या व्ही. पी. शांता प्रकरणातील निर्णयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षणाच्या कक्षेत आणली. परंतु नोकरीच्या करारान्वये मालकास दिलेली वैयक्तिक सेवा तिच्याबाहेर ठेवली. संघाचा पगारी डॉक्टर खेळाडूवर उपचार करतो तेव्हा सेवा कोणास मिळते, पगार देणाऱ्या संघास की ज्याचा खांदा दुखावला त्या खेळाडूस? ज्याच्या शरीरावर परिणाम होतो त्यास दाद मागण्याचा मार्ग असला पाहिजे, ही भूमिका अधिक न्याय्य वाटते. विशेषतः संघाला खेळाडू मैदानावर हवा असतो आणि डॉक्टराचा पगारही संघच देतो, हे लक्षात घेता.

कायद्यात स्पष्ट तरतूद होईपर्यंत स्पर्धेच्या संयोजकांनी काही गोष्टी आपल्या पातळीवर करण्याजोग्या आहेत. स्थानिक नोंदणीकृत डॉक्टरास स्पर्धेचा वैद्यकीय अधिकारी म्हणून लेखी नेमावे, प्रत्येक पाहुण्या संघाच्या वैद्याचा नोंदणी क्रमांक आधी मागवून घ्यावा, आणि योग्यतेची प्रमाणपत्रे स्थानिक अधिकाऱ्याच्या सहीनेच द्यावीत. पाहुण्या डॉक्टरास आपल्या खेळाडूची पूर्वीची दुखापत ठाऊक असते. ती माहिती शिरूर किंवा दौंडच्या रुग्णालयात खेळाडूबरोबर पोहोचावी यासाठी एक साधा लेखी तक्ता पुरतो. रुग्णवाहिकेत पाहुण्या डॉक्टराने बसावे, पण रुग्णालयाच्या दारात रुग्णाचा ताबा तेथील डॉक्टराकडे द्यावा.