मार्गदर्शकाच्याही मापावर शिक्का हवा

हीनाधिक मानोन्मान हा अचौर्याणुव्रताचा अतिचार होय, हे आपण जाणतो. म्हणूनच आपल्या पेढीवरील इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी होते. परंतु मुलांना धंद्याची दिशा दाखविणाऱ्या ‘बिझनेस कोच’ची पारख मात्र आपण त्याच्या वक्तृत्वावरून करतो. आम्हीही एकदा तसेच केले आणि भरलेली फी बुडीत खाती टाकली.

वस्तुतः या व्यवसायालाही माप आहे. कोच म्हणविण्यास आपल्या देशात परवाना लागत नाही. तथापि १९९५ साली अमेरिकेत स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था तीन श्रेणींची प्रमाणपत्रे देते. ‘एसीसी’स किमान ६० तासांचे शिक्षण व १०० तासांचा अनुभव, ‘पीसीसी’स १२५ व ५००, तर ‘एमसीसी’स २०० व २,५०० तास लागतात. शिवाय परीक्षा आहे, गुप्तता पाळण्याची नीतिसंहिता आहे, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण आहे.

प्रमाणपत्र ही यशाची हमी नव्हे. शिक्क्याच्या तराजूवरही काटा मारणारे असतातच. तरी फी मोजण्यापूर्वी श्रेणी, तिची मुदत व पूर्वीच्या शिष्यांचा अनुभव विचारावा. वानगी पाहिल्याविना आपण पोते उचलीत नाही. मग मुलांचे भवितव्य तरी तसेच कसे सोपवावे?